खोली हवी की आडोसा?

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या ताई सोलापूरच्या, वय ४६. येत्या डिसेंबरात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होतात. सासऱ्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, सासूबाईंनी विड्या वळून घराला हातभार लावला. सासूबाईंनी अजून समुद्र पाहिलेला नाही, म्हणून पुण्याच्या दिरांनी कार्यक्रम मालवणला करायचं ठरवलं. माणसं ३६. त्यांत ७ लहान मुलं, आणि सासूबाईंच्या माहेरची ९ माणसं माळकरी. दिरांनी समुद्राकाठच्या एका हॉटेलातला एसी हॉल पाहून ठेवलाय. किमान ५० ताटांचे पैसे भरायचे, ताट ९०० रुपये, हॉलचं भाडं १५,००० वेगळं. सासरे म्हणतात, ‘एवढ्या पैशात घरी अख्खी गल्ली जेवेल.’ दीर म्हणतात, ‘तुम्ही प्रत्येक गोष्ट लहान करता.’ ताईंना स्वतःला मात्र बंद हॉलच हवा आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यात सगळे हॉटेलात जेवायला गेले असताना सासऱ्यांचा आवाज चढला, शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली आणि वेटरने येऊन ‘जरा हळू बोला’ असं सांगितलं. ताई लिहितात, ‘आमची माणसं चारचौघांत शोभत नाहीत असं कुणाला वाटू नये, म्हणून दार लावून घेता येईल अशी जागा हवी. माळकऱ्यांसाठी वेगळा हॉल घ्यावा का? दिरांशी कसं बोलू? ॲडव्हान्स महिनाअखेर भरायचाय. काय करू?’

ताई,

आधी त्या वेटरचं बोलू, हॉलचं नंतर.

माझे वडीलही मागावरच होते. कारखान्यात एका ओळीत माग चालू असले की शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागायचं, आणि तरी ओरडावंच लागायचं. धोट्याची ती खटाखट बारा तास कानात घेऊन माणूस घरी येतो, तेव्हा त्याचा साधा आवाज कारखान्यातलाच असतो. ‘मीठ दे’ हेसुद्धा आमच्याकडे भांडल्यासारखं ऐकू यायचं. लग्न होऊन आलेली माझी वहिनी पहिले सहा महिने घाबरून असायची. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की बाबांना डाव्या बाजूने बोललेलं ऐकूच येत नाही. तेव्हापासून ती ताट वाढायला त्यांच्या उजवीकडून जायची. बाबांचा आवाज निम्म्यावर आला. त्यांना कुणी ‘हळू बोला’ म्हणालं नव्हतं. समोरच्याचं ऐकू यायला लागलं, म्हणून त्यांना ओरडायची गरज उरली नाही.

तुमच्या सासऱ्यांचे कान कधी तपासलेत का? नसतील तर डिसेंबरच्या आधी हे एक काम करा. सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा किंवा तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे न्या. आणि त्या दिवशी पुण्यात ते नेमके कशामुळे मोठ्याने बोलत होते, तेही आठवून बघा. हॉटेलात गाणी लावलेली असतात, बाजूला भांड्यांचा आवाज असतो, माणसं लांब टेबलाच्या दोन टोकांना बसलेली असतात. कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी याहून अवघड जागा नसेल. वेटरने त्याचं काम केलं असेल. पण तेव्हापासून दोन वर्षं तुम्ही ते वाक्य सांभाळून ठेवलंय आणि आता त्याच्यासाठी १५,००० रुपयांचं दार विकत घ्यायला निघालात. म्हणून विचारते, तुम्हाला खोली हवी आहे की आडोसा?

दोन्हींत फरक आहे. घरच्या माणसांना घाई न करता बसता यावं, मुलांना पळता यावं, कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर ते ऐकू यावेत, म्हणून वेगळी जागा घेणं ही चांगलीच गोष्ट आहे. त्यासाठी पैसे मोजायलाही हरकत नाही. पण आपली माणसं लोकांच्या नजरेला पडू नयेत म्हणून जागा घेतली, तर दार कितीही घट्ट लागलं तरी तुम्ही आत बसून सासऱ्यांच्या आवाजाकडेच कान लावून राहाल. त्या दिवसाचं सगळ्यात जास्त ओझं तुमच्यावर असणार आहे. ते तुम्ही आधीपासूनच उचललंय, हे पत्रात ओळीओळीला दिसतं.

आता हॉल. दिरांनी आणलेल्या आकड्यांचा सरळ हिशेब करते. ५० ताटांचे ४५,००० आणि भाडं १५,००० मिळून ६०,०००. तुमची माणसं ३६, म्हणजे माणशी १,६६७ रुपये पडले. त्यात ७ मुलं जेमतेम अर्धं ताट खाणार. न येणाऱ्या १४ माणसांच्या ताटांचे १२,६०० रुपये तुम्ही भरणार. वर जीएसटी. साध्या हॉटेलात जेवणाच्या बिलावर तो ५ टक्के असतो, पण खोल्यांचे दर दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असणाऱ्या मोठ्या हॉटेलांत १८ टक्के. ६०,००० वर ३,००० आणि १०,८०० एवढा तो फरक होतो. तुमचं हॉटेल कशात बसतं ते लेखी विचारून घ्या. बिलात ‘सेवा शुल्क’ लावलं असेल तर ते द्यायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. कुणी हट्टच धरला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

किमान ताटांची अट मात्र बोलून कमी होते. ‘३० ताटांचे पैसे नक्की, वर जेवढी लागतील तेवढी मोजून देऊ, दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धा दर’ असं सरळ सांगून बघा. दुपारची वेळ घेतली आणि वार शनिवार-रविवार नसला तर बहुतेक जण ऐकतात. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात मात्र कुणी ऐकणार नाही. तेव्हा मालवणात पाय ठेवायला जागा नसते. तारीख त्या आठवड्यात येत असेल तर आधी किंवा नंतर सरकवा. पण फार पुढे नेऊन संक्रांतीपर्यंत जाऊ नका. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वज सोडून तुमची माणसं सोलापूरबाहेर पडतील असं मला वाटत नाही.

पैशांपेक्षा मोठी अडचण मला दुसरी दिसते, आणि ती मी स्वतः भोगलेली आहे. कोकणातल्याच एका गावात आमच्या मावशीची पंचाहत्तरी आम्ही अशाच हॉलमध्ये केली. ‘सी व्ह्यू’ म्हणून जास्तीचे पैसे दिले होते. एका बाजूला भिंतभर काच. जेवण रात्री आठला. डिसेंबरात तिकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ वाजता काचेपलीकडे मिट्ट काळोख, आणि काचेत दिसत होते आमचेच चेहरे, आमचीच ताटं आणि छतावरचे दिवे. मावशी मधेच काचेजवळ गेली, दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला धरून बाहेर बघायला लागली, आणि परत येऊन म्हणाली, ‘आवाज तरी येऊ द्या रे, खिडकी उघडा.’ एसीमुळे खिडकी उघडत नव्हती. हॉलची दुसरी भिंत घडीची होती. पलीकडे एका मुलाचा वाढदिवस चालला होता आणि त्यांचा स्पीकर आमच्या पाठीशी होता. खास आमच्यासाठी म्हणून घेतलेल्या जागेत आम्ही तीन तास ओरडून बोललो.

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला चारशे किलोमीटर जाणार आहेत. त्यांना काचेमागे बसवू नका.

आणि पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. सासऱ्यांचं मत आहे, दिरांचं आहे, तुमचं आहे. सासूबाई काय म्हणाल्या? ‘त्यांनी समुद्र बघितला नाही’ हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांना बघायचाय का, किती जणांबरोबर बघायचाय, की जाऊबाई आणि बहिणीबरोबर दोन दिवस निवांत राहायचंय, हे कुणी विचारलंय का? विचारलं तर ‘तुम्ही ठरवाल ते’ असं उत्तर येईल. त्या पिढीच्या बायकांना ‘तुला काय हवं’ या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवयच नाही, कारण तो प्रश्न त्यांना कुणी केलेलाच नसतो. म्हणून तो तसा विचारू नका. लसूण सोलताना किंवा शेंगा फोडताना शेजारी बसा आणि छोटे प्रश्न विचारा. दुपारी जेवायचं की रात्री? खाली पंगतीत की टेबलावर? आपल्यातलेच की सगळे पाहुणे? गाडीत सात-आठ तास बसवेल का? चौथ्या-पाचव्या प्रश्नापर्यंत त्या आपसूक सांगायला लागतील.

त्या जर म्हणाल्या की एवढा प्रवास नको, तर तेही खरं धरा. मग मोठं जेवण सोलापुरात करा, सासरे म्हणतात तशी गल्लीही जेवू द्या, आणि नंतर सात-आठ जणांनी त्या दोघांना घेऊन मालवणला जा. मला विचाराल तर या पर्यायात कमीपणा काहीच नाही. पण पुढचं सगळं त्या ‘जाऊ या’ म्हणाल्या असं धरून लिहिते.

मालवणात ३६ माणसांना आपापलं बसून जेवता येईल अशा जागा साधारण चार तऱ्हेच्या मिळतात. हॉटेलचा हॉल तुम्ही पाहिलाच आहे. दुसरी तऱ्हा म्हणजे एखादी खानावळ तिच्या रिकाम्या वेळेत अख्खी घेणं. दुपारी साडेबाराच्या आत किंवा तीननंतर बहुतेक खानावळी मोकळ्या असतात. मालकाला त्या दोन तासांचं नक्की गिऱ्हाईक मिळतं आणि तुम्हाला भाडं न भरता वेगळी जागा. तिसरी, चिवला किंवा तारकर्ली-देवबागच्या बाजूला अख्खं होमस्टे दोन रात्रींसाठी घेणं. राहायच्या खोल्या, अंगण आणि जेवण सगळं एकाच ठिकाणी, आणि त्या दोन दिवसांत तिथे दुसरं कुणी नसतं. चौथी तऱ्हा मला सगळ्यात आवडते. घरगुती जेवण देणाऱ्या एखाद्या घराच्या खळ्यात पंगत.

खळं म्हणजे तिकडच्या घरापुढचं सारवलेलं अंगण. पाऊस सरला की ते नव्याने चोपून, शेणाने सारवून तयार करतात, वर माटव म्हणजे मांडव घालतात, आणि डिसेंबरात ते अगदी नवं असतं. चारी बाजूंनी उघडं, तरी माडांच्या आत असल्याने रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही. आवाज कितीही चढला तरी त्याला आपटायला भिंत नाही. मुलं पळाली तर पळाली. सासऱ्यांसारख्या माणसाला तिथे मांडी घालून बसता येतं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची-टेबल मिळतं, आणि वाढणारी बाई ‘अजून एक वडो घ्या’ म्हणून आग्रह करते. तुम्ही दार शोधत होता, इथे दार नाही. पण ज्यासाठी ते हवं होतं ते सगळं आहे. फक्त हे घर फोनवर ठरवू नका. दोघे-तिघे आधी जाऊन, जेवून, बघून या. चारशे किलोमीटर दोनदा जाणं जिवावर येत असेल तर कुडाळ-कणकवलीकडचं कुणी ओळखीचं असेल त्याला पाठवा.

कुठलीही जागा ठरवा, काही गोष्टी मात्र डोळ्यांनी बघा. कमोड आहे का, आणि जेवायच्या जागेपासून तिथपर्यंत किती पायऱ्या आहेत. हात धुवायची सोय किती जणांची आहे. ३६ माणसं एका नळाशी उभी राहिली की पंगतीचा ताल जातो. वीज गेली तर काय. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला जागा दिलेली नाही ना, आणि हॉल असेल तर ती मधली भिंत पक्की आहे की घडीची. ॲडव्हान्स परत मिळायची शेवटची तारीख कोणती. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि ‘हो’ असं उत्तर येऊ द्या. तेवढा कागद पुरतो. वाळूवर मांडव घालून जेवण देतो असं कुणी म्हणालं, तर किनाऱ्याला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांचे, नियम लागू आहेत, परवानगी कुणी काढलीय ते विचारा. आणि गाणी लावणार असाल तर उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

आता माळकऱ्यांचं आणि मासे खाणाऱ्यांचं. तुम्ही लिहिलंय की दोन वेगळे हॉल घ्यावेत का. नको. पन्नास वर्षांचा संसार साजरा करताना माहेरची नऊ माणसं वेगळ्या खोलीत बसवायची, हे सासूबाईंच्या मनाला लागेल. माझं ऐका, मुख्य जेवण सगळ्यांसाठी शाकाहारीच ठेवा. माशांसाठी गेलेल्या मंडळींना हे ऐकून वाईट वाटेल, पण मालवणी शाकाहारी जेवण त्यांनी खाल्लेलंच नसतं म्हणून तसं वाटतं. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि गरम वडे ही जोडी कोंबडी-वड्यांच्या शेजारी मानाने बसते. घावणे, सोलकढी, शेवटी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, किंवा खापरोळी. उकडीचे मोदक हवे असतील तर आधी सांगावं लागतं, ३६ माणसांचे मोदक वळायला दोन बायकांची सकाळ जाते. फणसाची भाजी आणि ओल्या काजूंची उसळ मागू नका, डिसेंबर त्यांचा नव्हे.

मासे आदल्या रात्री आणि दुसऱ्या दुपारी. ज्याला हवं त्याने चार-पाच जणांच्या गटाने खानावळीत जाऊन खावं. तेव्हा ताटाचा दर आधी विचारा, कारण सुरमई आणि पापलेटचा भाव त्या दिवशी बंदरावर काय लागला त्यावर ठरतो. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना उजनीच्या चिलापीची सवय असते, समुद्राची नाही. मुलांना आणि म्हाताऱ्यांना सुरमईचा तुकडा द्या, मोठा काटा असतो, काढायला सोपा. बांगडा चवीला सरस, पण काट्यांचा. तिसऱ्या (शिंपले) आणि कोळंबी ज्याने कधी खाल्ली नाही त्याने पहिल्यांदा थोडीच खाऊन बघावी, काहींच्या अंगावर पित्त उठतं. आणि तिकडच्या स्वयंपाकात नारळ भरपूर असतो. एरवी शेंगांच्या कुटावर वाढलेल्या पोटांना दुसऱ्या दिवशी ते जाणवतं, म्हणून परतीच्या दिवशी पोटभर रस्सा नको.

घर किंवा खानावळ मासे शिजवणारी असेल तर माळकऱ्यांसाठी भांडी आणि तेल वेगळं ठेवाल का, एवढं विचारा, आणि मिळालेलं उत्तर त्या नऊ जणांना जसंच्या तसं सांगा. काही जण म्हणतील चालेल, काहींना नाही चालणार. न चालणाऱ्यांना ते आधी कळायला हवं, ताटावर बसल्यावर नाही. वारही बघा. गुरुवार आणि एकादशी टाळा. मार्गशीर्ष चालू असेल तर घरातल्या निम्म्या बायकांचे गुरुवार असणारच.

प्रवासाचं एवढंच. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, तिथून राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली आणि मालवण. साधारण ४०० किलोमीटर. त्याच दिवशी जेवणाचा कार्यक्रम ठेवू नका. घाटात निम्मी मुलं ओकतात आणि उरलेले ती पुसत बसतात.

समुद्र मात्र जेवणाच्या दिवसाशी बांधू नका. पोचलात त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना तीन-चार जणांनीच घेऊन जा. छत्तीस मोबाइल समोर धरले की माणूस पाण्याकडे बघत नाही, मोबाइलकडे बघतो. भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. दशमी असेल तर साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पाणी पूर्ण वर आणि मधे दुपारी दीड-पावणेदोनच्या आसपास ओहोटी. हा ढोबळ अंदाज झाला, नेमकी वेळ बंदरावरच्या कुठल्याही खलाशाला विचारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर पाणी सकाळी अकरा-साडेअकराला भरतं आणि संध्याकाळी पाचच्या पुढे ओसरलेलं असतं. तेव्हा पाण्याजवळची वाळू ओली, घट्ट आणि सपाट असते. गुडघेदुखीच्या माणसाला कोरड्या भुसभुशीत वाळूत दहा पावलं टाकणं कठीण जातं, या ओल्या वाळूवर चालता येतं. एक प्लॅस्टिकची खुर्ची होमस्टेवाल्याकडून मागून घ्या. ती पाण्यापासून जरा अलीकडे ठेवा, पाय भिजवायचे की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं असेल तर होडीत चढता-उतरताना दोघांचा आधार लागतो. जमणार नसेल तर बंदरावरून किल्ला समोरच दिसतो.

दिरांशी कसं बोलायचं, हेही तुम्ही विचारलंय. ‘तुम्ही प्रत्येक गोष्ट लहान करता’ हे ते चिडून बोलले असतील, पण त्याच्या आत एक जुनी गोष्ट असावी. विड्यांच्या हिशेबावर वाढलेल्या मुलाला एकदा तरी आई-वडिलांसाठी हात न आखडता खर्च करायचा असतो. त्यांचा हॉल नाकारताना त्यांचे पैसे नाकारू नका. त्यांना सांगा, हॉलचे पैसे वाचवायचे नाहीत, दुसरीकडे लावायचेत. आई-बाबांसाठी समुद्राच्या बाजूची चांगली खोली, छत्तीस जणांसाठी चांगली बस, दोन दिवसांऐवजी तीन दिवस. आणि खळं बघायला पहिल्यांदा जाल तेव्हा त्यांनाच बरोबर घ्या. जागा त्यांनी पाहिलेली असली की ती त्यांची होते.

सासऱ्यांना वेगळं समजवायला जाऊ नका. ते नको म्हणतायत ते खर्चाला. त्यांना एकच काम द्या. जेवणाआधी दोन मिनिटं त्यांनी बोलायचं, लग्न कसं ठरलं ते सांगायचं. खळ्यात माइक लागणार नाही, त्यांचा आवाज शेवटच्या पानापर्यंत पोचेल. तुम्ही त्यांच्या उजव्या-डाव्यातला जो कान चांगला आहे त्या बाजूला बसा.

महिनाअखेरीला अजून वेळ आहे, तेव्हा या आठवड्यात फक्त सासूबाईंशी बोला आणि हॉटेलवाल्याला ‘दहा दिवसांत कळवतो’ म्हणून सांगा. ॲडव्हान्स त्यानंतरच.

आणि शेंगाची चटणी, कडक भाकरी नक्की न्या. जागेच्या मालकाला बाहेरचं खाणं चालतं का ते आधी विचारा, घरगुती ठिकाणी कुणी अडवत नाही, उलट चटणी मागून घेतात. पण भाकरी नेहमीसारखी फडक्यात बांधून नेऊ नका. समुद्राच्या दमट हवेत ती एका रात्रीत वातड होते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा पंगतीतच उघडा.

तुमची,
ताई